लिंक्सला कुंपण नको

मी, युफेमिया गेडिस, कै. वॅट गेडिस यांची पत्नी, वय ७४, राहणार ॲर्डनेस, फाइफ, स्कॉटलंड, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते, की माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. कोणाचेही दडपण नाही, असे लिहायची पद्धत आहे. मुलाचे आहे, पण मी बधलेली नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझा एकुलता एक मुलगा मर्डो यास मिळावी.

२. वॅटची गवताची अवजारे शेजारी डेव्ही मेल्व्हिल यास. त्याने मागून नेलेले दाताळे आजवर परत आलेले नाही. तेही आता त्याचेच.

३. वडिलांकडून मला आलेली किनाऱ्याची लिंक्स. वकीलसाहेबांनी मसुद्यात 'गोल्फचे मैदान' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. लिंक्स हा आमचा जुना शब्द. समुद्र संपतो आणि नांगरट सुरू होते, त्यांच्यामधली वाळूची, उंचसखल, आखूड गवताची जमीन म्हणजे लिंक्स. तिथे काही पिकत नाही, म्हणून ती कोणी अडवत नाही. बायका कपडे वाळत घालतात, मेंढ्या चरतात. चेंडूवाले मागाहून आले.

मर्डोने एकदा बापाला न विचारता तिथे काळी माती आणि शेणखत पसरले. म्हणे, "आई, पाहुण्यांना हिरवंगार लागतं!"

वॅट ओरडला, "अरे गाढवा, उपाशी राहणारं गवत आहे ते! खाऊ घातलंस की मेलं!"

गवत कुजलेच. ती माती खरवडण्यात वॅटचा शेवटचा हिवाळा गेला. हे मी विसरलेले नाही.

आता मर्डोला ती जमीन हॉटेलवाल्यांना विकायची आहे. कुंपण, फाटक, तिकीट. म्हणून लिंक्स मी ॲर्डनेस गावाला देत आहे. पोटच्या पोराला डावलताना माझा जीव तुटतो.

४. गेल्या रविवारी जेवताना मी त्याला म्हटले, "कुंपण घालणार नाही, एवढं म्हण. सगळं तुझंच आहे."

"आई, सूप गार होतंय," तो म्हणाला.

मर्डो, तेवढे एक वाक्य माझ्या हयातीत दोन साक्षीदारांसमोर म्हणालास, तर हा कागद मी स्वतः चुलीत घालीन. डॉक्टर मे महिन्याच्या पुढचे काही बोलत नाहीत.

युफेमिया गेडिस (सही)

आमच्यादेखत सही केली:
ग्रिझेल पिटकेर्न, निवृत्त शिक्षिका
टॉमस ल्युमस्डेन, खाटीक

ॲर्डनेस, ९ एप्रिल १९५९