दोन तास चाळीस मिनिटं

५ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

विमानाचं तिकीट पोचलं. डॉक्टरीणबाईंनी तुला सातव्या महिन्यापासूनच पडून राहायला सांगितलंय, ते बरंच केलं. मागच्या खेपेसारखं या वेळी व्हायला नको. मी येणारच.

पण तुझी आई तुला ठाऊक आहे. दार बंद झालं की जीव घाबराघुबरा होतो. चार मजले चढेन, पण लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही. तरी तिकीट वाचून धीर आला. नऊ चाळीसला निघायचं, दहा वीसला पोचायचं. चाळीस मिनिटं काय, डोळे मिटून काढीन. इतक्या जवळ राहतेस आणि दोन वर्षांत फिरकली नाहीस, लबाडे.

कालपासून सवय म्हणून लिफ्टने वरखाली करतेय. शेजारच्या वकीलबाईंना वाटतंय, माझं डोकं फिरलं.

कुशीवर नीज. पत्राची वाट बघते.

तुझी
आई

१४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. तुझे जावई म्हणाले, काही सांगू नकोस, विमानात बसल्यावर कळेलच त्यांना. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. पण तुला फसवून आणलं तर तुझ्या तोंडाकडे बघू कशी?

आई, आमची घड्याळं तुमच्यापेक्षा दोन तास मागे आहेत. अंतर अठराशे किलोमीटर आहे. विमानात दोन तास चाळीस मिनिटं बसावं लागतं आणि दार मधे कुठेच उघडत नाही. तिकीट परत करता येतं. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, शपथ. फक्त मला भीती वाटते गं. पोटातलं जरा वेळ हललं नाही की श्वास धरून पडून राहते. तू उशाशी हवीस, इतकंच.

बाबांना नमस्कार. चुकलं असेल तर पोटात घाल.

तुझी
ठकी

२५ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

वेडे, खरं सांगितलंस ते बरं केलंस. वाचून तिकीट परत करावंसं वाटलं, ते लपवत नाही. तुझे बाबा म्हणाले, तुझ्याऐवजी मी जातो. ज्यांना साधा चहा करता येत नाही, ते तुझं बाळंतपण काढणार!

मग आपल्या शिवणाच्या दुकानामागच्या कोठीत स्टूल टाकलं. तिला खिडकी नाही, माहितीये ना? बाबांना बाहेरून शटर ओढायला लावलं आणि कोटांची काजं करायला घेतली. पहिल्या दिवशी एका काजातच घाम फुटला, शटर बडवून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी तीन झाली. परवा नऊ, त्यातली दोन उसवावी लागली. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि मधूनमधून मुद्दाम खोकतात, म्हणजे मला कळावं की माणूस आहे.

माझ्यासाठी विमानतळावर यायचा हट्ट धरू नकोस. जावईबापू आले तरी पुष्कळ झालं. तू अंथरूण सोडायचं नाहीस.

आज सोळा काजं झाली. बरोबर दोन तास चाळीस मिनिटं. मधे एकदा रडू आलं, पण उठले नाही. शटर वर करून बाबांनी विचारलं, कसं वाटतंय. मी म्हटलं, पोचले.

लोभ आहेच, तो बरोबर घेऊन येते.

तुझी
आई