एका डोक्यात तीन खोकी

अंकलेश्वर, ४ जानेवारी २०२५

ती. सीमंतिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

आणि वर मलाच म्हणतेस की आठवी नापासानं औषधांवर बोलू नये. नाही बोलत. फक्त तुझी फर्माइश वाचून दाखवतो. जागं राहायची एक गोळी, लक्ष लागायची दुसरी, आणि थाटीपुरची तुझी मैत्रीण हर्षिता घेते म्हणून आठवणीची तिसरी. तिन्ही मी आमच्या औषधांच्या गोदामातून स्वस्तात पाठवायच्या.

इथे दोन औषधं एका खोक्यात भरली तर माझी मजुरी कापतात. तू तीन एका डोक्यात भरतेस, तर म्हणे अधिकारी होशील. आमच्या फार्मासिस्ट गरिमाबेनना विचारलं. त्या म्हणाल्या, एकेकीचे धोके ठाऊक आहेत, तिन्ही मिळून डोक्यात काय करतात ते नीट कुणी तपासलेलं त्यांना माहीत नाही. मतलब पहिला तपास तुझ्यावर. परीक्षेआधीच सरकारच्या कामी आलीस.

फोन अभ्यासापायी कपाटात कोंडलास, म्हणून हे लिहायचं झंझट. लोभ आहेच, तो गोळीशिवाय टिकतो.

अभिराम


खासगी बाजार, ग्वाल्हेर, १३ जानेवारी

चि. अभिराम,
अ. उ. आ.

खोकला कसा आहे? अक्षर अजून तसंच, कोंबडी चालून गेल्यासारखं. तुझे उपकार नकोत, गोळ्या हर्षितानं दिल्या. चार दिवसांत अख्खं राज्यशास्त्र पाठ. झोप नाही, छाती जरा धडधडते, पण स्मरणशक्ती एकदम लख्ख. वयाच्या अटीत ही शेवटची परीक्षा आहे रे, तुला काय कळणार. आईला काही बोलू नकोस.

बाकी खोकला कसा आहे? आशीर्वाद, न मागताच.

सीमंतिनी


अंकलेश्वर, २१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

लख्ख स्मरणशक्तीचा नमुना पोचला. खोकल्याचं पहिल्या ओळीत विचारलंस, शेवटीही विचारलंस. खोकला मला नाहीच. तो आईला आहे, आणि आई तुझ्याच खोलीत झोपते.

हसायला म्हणून पत्र गरिमाबेनना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, धडधड आहे तर आजच डॉक्टरकडे, तिन्ही पाकिटं सोबत, लपवाछपवी नको. मी तिथूनच आईला फोन केला. हो, चुगली केली. हे पत्र पोचेपर्यंत तुझी वरात निघून गेली असेल, शिव्या सावकाश लिही. परीक्षा गेली तर जाऊ दे. नापास माणूस कसा जगतो ते मी शिकवीन, फी घेणार नाही.

लोभ ठेव, आठवणीत राहिला तर.

अभिराम

ता. क. डॉक्टरची फी आणि आईच्या खोकल्याचं औषध, दोन्हीचे पैसे आईच्या खात्यात टाकतोय, तुझ्या नाही: आठशे पन्नास रुपये.