दुसरा साक्षीदार

१४ सप्टेंबर १९१३
मळणी संपल्यापासून रोज म्हणते, आज लिहीन. तीन आठवडे गेले! खरं कारण सांगू? लिहायला बसलं की कळतं, दिवसभरात कुणाशी काय बोलले. काहीच नाही.

मी रांधायचे ती मळणीवाल्यांची स्वयंपाकाची गाडी पुढे गेली, मी टीडेमानकाकूंकडे राहिले. आठवडाभर म्हणून. काकू जर्मनीच्या, अजून अमेरिकेच्या नागरिक नाहीत. नवरा डिट्रिश तीन वर्षांपूर्वी धनुर्वातानं गेला. नागरिकत्वाचा पहिला कागद, म्हणजे नुसता इरादा, घेतला होता त्यानं; दुसरा, पक्का, राहिला. ही जमीन सरकारनं कसायला दिलेली — नावावर होते ती फक्त नागरिकाच्या. मुदत एप्रिलपर्यंत. नाहीतर घर, गोठा, डिट्रिशची कबर, सगळं सोडायचं. म्हणून काकूंनी अर्ज केलाय. पाच वर्षं ओळखणारे दोन साक्षीदार लागतात, तेही नागरिक. माझी ओळख पाच आठवड्यांची!

आज करकोचे दक्षिणेला गेले. मोजत बसले. पाव करपला.

२१ सप्टेंबर
कोर्टात विचारतात त्या प्रश्नांची काकूंकडून तयारी घेतली. "कायदे कोण करतं?" "काँग्रेस." "राज्यघटना म्हणजे काय?" काकूंनी पुढचा बटाटा सोलायला घेतला. म्हणाल्या, "गोठ्यात मला सगळं पाठ असतं गं. माणसासमोर कुठे जातं कोण जाणे."

२३ सप्टेंबर
कोर्ट. आधी पोस्टमास्तर क्विग्ली — पाच मिनिटांत झालं. मग शेजारचे ब्रान्डहोर्स्टआजोबा, लहानपणी वडिलांबरोबर जर्मनीहून आलेले. वय एकाहत्तर, लग्नातला काळा कोट. "नऊ राष्ट्राध्यक्षांच्या वेळी मत दिलंय मी!"

तपासनिसानं विचारलं, "वडिलांचा दुसरा कागद?"

आजोबा हसले. "दुसरा? कागद एकच असतो की!"

नसतो. वडिलांनी पहिला घेतला आणि नांगराला लागले, बस्स. बाप नागरिक झाला नाही, म्हणजे मुलगाही नाही. तेवढ्यावर मत देऊ देतात, म्हणून जन्मात कुणी विचारलंच नाही. आजोबा भर कोर्टात परदेशी झाले! आणि साक्षीदार परदेशी, म्हणून काकूंचा अर्ज रद्द. काकूंना एकही प्रश्न विचारला नाही.

परतताना गाडीत आजोबा एकदाच बोलले. "हेडविग, मग माझी मतं कुठे गेली?" काकूंनी त्यांच्या गुडघ्यांवरची घोंगडी नीट केली.

२४ सप्टेंबर
काकूंनी दिवसभर कपडे धुतले. धुतलेलेसुद्धा.

५ ऑक्टोबर
चर्च. बाकावर आम्ही दोघीच. पुढचं बाक रिकामं, मागचंही.

नवा अर्ज चालतो, पण दोन्ही साक्षीदारांच्या सह्या नोव्हेंबरअखेर हव्यात. क्विग्ली तयार आहे. दुसरा कुठून आणायचा? सगळ्या जर्मन घरांना धास्ती — शपथेवर उभं राहिलं की आपल्याही बापाचा कागद निघायचा! दारात एक बाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "हिच्यापायी म्हाताऱ्याचं मत गेलं. आता आमचंही जाऊ दे, म्हणजे हिचं पोट भरेल!"

काकू टोपीची नाडी बांधत होत्या. बांधतच राहिल्या.

२ नोव्हेंबर
क्विग्ली म्हणाला, "अहो बाई, इथे जन्मलेला एखादा रंडका गाठा आणि लग्न लावा. पाद्री आमेन म्हणेपर्यंत तुम्ही नागरिक! साक्षीदाराची भानगडच नाही."

"अठरा वर्षं डिट्रिशच्या कागदावर जगले. आता माझा हवा."

"मग बसा!"

बसलोच.

१६ नोव्हेंबर
साक्षीदारासाठी सहा घरं झाली. सहाव्या घराच्या धुराड्यातून धूर येत होता, आत मुलं खिदळत होती. दार उघडलं नाही.

मी चालले. ऑरेगनला. तिथे सफरचंदं काढायला बायका लागतात म्हणे — की हंगाम संपला? थैली भरली. मग गोठ्यातून काकूंचा आवाज आला, गाईला राज्यघटना सांगत होत्या. बिनचूक! थैली पलंगाखाली सरकवली.

२० नोव्हेंबर
घाईत लिहितेय. आत्ताच एक डाकोटा बाई आलीय, इथल्या मूळ जमातीची — ओढ्यापलीकडच्या जमिनीची मालकीण, कॉर्नेलिया आर्शाम्बो. काकूंना वाटलं, भांडायला. ती सरळ खुर्चीत बसली. "साक्षीदार मिळेना म्हणे? सात वर्षं हिची डुकरं माझ्या मक्यात घुसतात. हिला माझ्याइतकं कोण ओळखतं?" शालीतून सरकारी कागद काढून टेबलावर ठेवला. जमीन वाटून देताना तिच्या लोकांना सरकारनं नागरिक केलं, त्याचा. शिक्क्यासकट!

"सही उद्या करते," म्हणाली. "कुंपण आज घाला."

काकू हातोडा शोधताहेत.