पूल होऊ नये, झालाच तर

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (साष्टांग नाही. एक तर गुडघा वाकत नाही, आणि तुझं मागचं पत्र वाचल्यापासून मनही वाकत नाही.) तुझी प्रकृती उत्तम असणार असं धरून चालते, कारण आजारी माणसाला चार पानं भरून रागावता येत नाही. वहिनींचा खांदा कसा आहे? त्यांना म्हणावं, जड पिशव्या खुशाल दादाकडे द्या, तो एवढी घराण्याची अब्रू वाहतोय तर दोन पिशव्यांनी काय होणार आहे. इकडे आम्ही बरे आहोत. घरातली चौदा घड्याळं चौदा निरनिराळ्या वेळा दाखवतात, आणि जन्मभर गावाची घड्याळं दुरुस्त केलेले आमचे हे जेवायला मात्र त्यातल्या सगळ्यात पुढे असलेल्या घड्याळाप्रमाणे हजर होतात.

आता मुद्द्याचं. मी लिहिलेल्या गावाच्या इतिहासातलं पाचवं प्रकरण काढून टाक, असं तू लिहितोस. काढणार नाही. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल. मी एकतीस वर्षं पोस्टात काढली. एकाचं पत्र दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हे मला शिकवायची गरज नाही. पण हे पत्र गावाच्या नावावर आलंय आणि पंचाहत्तर वर्षं उशिरा आलंय. ते मी आणखी दाबून ठेवणार नाही.

तुला वाटतं मी मुद्दाम उकरून काढलं. मुळीच नाही. पुलाला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून समिती नेमली. आपले निवृत्त हेडमास्तर तिचे अध्यक्ष. इतिहास लिहायला कुणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी माझं नाव सुचवलं. (त्यांच्या मनात शाळा, विहीर आणि थोर पुरुष अशी तीन प्रकरणं होती. थोर पुरुष म्हणजे अर्थात आपले आजोबा, कारण पुलावर त्यांच्याच नावाची पाटी आहे.) मी सरकारी कचेरीत महिनाभर खेपा घातल्या. तिथल्या कारकुनाने कंटाळून मला ‘पूल, किरकोळ तक्रारी’ असं लिहिलेलं एक गाठोडंच काढून दिलं. त्यात पूल नको म्हणणारे बारा अर्ज निघाले. एक ‘त्रस्त नागरिका’चा, एक ‘समस्त मच्छीमारां’चा, एक ‘गुराखी मंडळीं’चा आणि एक ‘नदीकाठी राहणारी असहाय विधवा’ हिचा. तळाच्या बाराव्या अर्जावर तेवढी सही होती, पण तिथवर मी पोचलेच नव्हते. सगळ्यांच्या झेरॉक्स करून घरी आणल्या, एकेक सावकाश वाचू म्हटलं, आणि गावात एवढे लोक पुलाच्या विरोधात होते याचं मला फार वाईट वाटलं.

पुढचं श्रेय सूनबाईचं. संशोधनासाठी मला घरात जागा कुठली? स्वयंपाकघरातल्या टेबलाचा अर्धा भाग, तोही भाजी चिरून होईपर्यंत. एके दिवशी मी कचेरीत गेलेली असताना तिने फळ्या पुसल्या आणि डब्यांखाली घालायला म्हणून माझ्या झेरॉक्स अंथरल्या. (तिची चूक नाही. एका कागदावर मीच दूधवाल्याचा हिशोब केला होता.) मी आल्यावर घर डोक्यावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, “आई, ओरडताय कशाला? तुमची ती विधवा आणि ते मच्छीमार एकच माणूस आहे.” डबे उचलून पाहिलं तर खरंच. एकेक कागद वाचताना जे दिसलं नव्हतं, ते शेजारी शेजारी अंथरल्यावर लख्ख दिसलं. तेच अक्षर, तोच लांब शेपटीचा ‘र’, ‘नम्र’ या शब्दाखाली दोन दोन रेघा, आणि बाराव्या अर्जाखाली आजोबांची सही. एकतीस वर्षं पाकिटावरच्या अक्षरावरून माणूस ओळखणारी मी, आणि मला माझ्या आजोबांचं अक्षर दाखवलं कुणी, तर मिठाच्या डब्याने. (जाता जाता, तुझ्या पत्रातही ‘नम्र’खाली दोन रेघा आहेत.)

नदीवरची होडी आजोबांची होती, हे तुलाही ठाऊक आहे. पूल झाला की होडी बसणार, म्हणून नऊ वर्षं त्यांनी अर्ज केले. इथपर्यंत मी समजून घेईन, पोट प्रत्येकाला असतं. पण आजी धडधाकट असताना त्यांनी विधवेच्या नावाने अर्ज केला, हे मला अजून पचलेलं नाही.

मग पूल आणला कुणी? पुन्हा कचेरीत जाऊन तेच गाठोडं उपसलं, तर अगदी तळाशी एका सुईणीचा अर्ज होता. ही नदीपलीकडे राहायची आणि बाळंतपणं दोन्ही काठांची करायची. तिने कुणाकडून तरी लिहून घेतलंय की होडीला वेळ असते, बाळाला वेळ कळत नाही. पुढे एक हकिगत आहे. खुद्द होडीवाल्याच्याच घरी बाळंतपण अडलं होतं, सुईण पलीकडे, होडी अलीकडे आणि होडीवाला जेवायला बसलेला. शेवटी ती बाई सामान डोक्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून चालत आली. दादा, ते बाळ म्हणजे आपले बाबा. ती आली नसती तर घराण्याची अब्रू सांभाळायला आज तू नसतास आणि घालवायला मी नसते. अर्जाखाली तिने घरोघर फिरून घेतलेले दोनशे बारा अंगठे आहेत आणि प्रत्येकाशेजारी नाव आहे. एकशे चौदावा अंगठा आपल्या आजीचा. मी तो कागद हातात घेऊन कचेरीच्या बाकावर बसून राहिले आणि रडले, सांगायला लाज कसली. नवऱ्याला पत्ता न लागू देता त्या बाईने अंगठा दिला, आणि मी भावाच्या पत्राला घाबरून पान फाडू?

तरीही पाटी आजोबांची कशी, हा तुझा प्रश्न. त्याचं उत्तर त्या सही असलेल्या बाराव्या अर्जात आहे. शब्दन् शब्द उतरवते: “मुळात पूल होऊ नये. झालाच तर त्यास अर्जदाराचे नाव द्यावे, ही नम्र विनंती.” आणि समासात साहेबाचा शेरा आहे: “पहिली विनंती अमान्य. दुसरी मान्य. अर्जदाराने यापुढे अर्ज करू नये.” घराण्याचं थोरपण ते एवढंच. हेडमास्तरांना दाखवलं तर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि इतिहास प्रेरणादायी असावा असं म्हणाले. मला तर छातीएवढ्या पाण्यातून प्रेरणाच चालत येताना दिसते.

सुईणीची नात पुलाच्या टोकाशी शिवणाचं दुकान चालवते. मी तिला सगळं सांगितलं. ती मशीन न थांबवता ऐकत होती. शिवण संपल्यावर दोरा तोडला आणि एवढंच विचारलं, “पाटीवर लिहिणार का तिचं नाव?” मी हो म्हणून बसले आहे. आजोबांचं नाव काढायचं नाही, खाली तिचंही घालायचं. तिचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही, ते तू पुलावरच येऊन वाच.

तेव्हा पुस्तक छापलं जाईल, पाचव्या प्रकरणासकट. त्याला मला समितीची, घराण्याची किंवा तुझी, कुणाचीही परवानगी लागत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. रागाला चार पानं पुरली नसतील तर आणखी लिही, आता मी सगळे कागद जपून ठेवते.

तुझी धाकटी,
मुळीच न वाकणारी

ता. क. पुस्तकाला परवानगी लागत नाही, पण पाटीला लागते. नाव घराण्याचं असल्यामुळे खाली दुसरं नाव घालायचं तर घराण्यातल्या थोरल्याची लेखी संमती हवी, असा समितीने ठराव केला आहे. सोबत कागद आहे. फुली मारली आहे तिथे सही कर. रंगारी येत्या सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला आहे.

आणखी एक. तुझी सही मी करून पाहिली. हुबेहूब जमली. मग दुसऱ्याच्या नावाने अर्ज करायचा हा गुण आपल्याकडे कुठून आला ते आठवलं आणि कागद फाडून टाकला. तेव्हा तूच कर, दादा. सुईणीच्या नातीला मी शब्द दिला आहे.

शेवटचं. सही करायची नसेल तर करू नकोस. नाहीच केलीस तर कागद परत पाठवताना निदान पाकिटावर माझ्या नावापुढे ‘इतिहासकार’ असं ठळक अक्षरात लिही, ही नम्र विनंती. नवा पोस्टमन पत्ते मोठ्याने वाचतो.