पलीकडून आलेली टक

बाबा, तुमचा हातोडा आता दुकानात गल्ल्याच्या वर टांगलेला आहे आणि मी मशीनने खिळे मारतो. नेल गन म्हणतात तिला. बॅटरीवर चालते, ड्रिलसारखी हातात धरायची, तोंड लाकडावर दाबायचं, बोट ओढायचं, फट! खिळा आत. अंगठा ठेचणं नाही, तोंडात खिळे धरणं नाही. सिंदी मेघेतल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात मीच ती विकतो. सेलूचा एक गिऱ्हाईक घरच्या दारांना पट्ट्या ठोकून परत आला, म्हणतो, "भाऊ, हे तं लय बेकार सवय लावते. मले आता कॅलेंडरबी गननंच ठोकाव वाटून राह्यलं." दुसऱ्याची तक्रार होती की मनगट भरून येतं आणि लाकडात गाठ लागली की खिळा आतल्या आत वळून भलतीकडून निघतो. "मंग गाठ पाहून मारा ना काजी," मी हसून म्हणालो. सुतारकी तुमच्याकडून घेतली, पण हजरजबाबीपणा बाजाराने शिकवला.

तुमची रीत मात्र मी बाजारात कुठे पाहिली नाही. आर्वीला आपण लाकडी भिंती उभ्या करायचो तेव्हा एक जण ठोकायचा, एक जण पलीकडून फळी रेटून धरायचा. तुमच्या तोंडात खिळे, बोलणार कसे? म्हणून जिथे खिळा मारायचा तिथे तुम्ही आधी हातोड्याच्या दांड्याने टकटक करायचात. पलीकडचा तिथून हात सरकवायचा आणि बोटाने टक करून उत्तर द्यायचा. मगच खिळा. एकदा मी न वाजवताच घाव घातला, आणि पलीकडे तुम्हीच. तुम्ही शांतपणे वळसा घालून आलात, तोंडातले खिळे हातात काढलेत. "काबे, पलीकडं मानूस हाय का खुंटी? ठोकणारा साऱ्याइले दिसते, धरणारा कोणाले दिसत नाई. मनून वाजवाचं." मग दिवसभर मला धरायला उभं केलंत. त्याच दिवशी पाठमोरं उभं राहून ऐकायलाही शिकवलंत, घावाखाली चौकट असली की आवाज भरीव येतो, नसली की पोकळ. कान तिथेच तयार झाला. आजही गिऱ्हाईक पायरी चढला की चपलेच्या आवाजावरून कोण आलं ते मी सांगतो.

गनला मात्र भरीव-पोकळ काही नाही. सगळीकडे एकच फट.

मागच्या रविवारची गोष्ट. पोरगी पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून हॉलमध्ये प्लायची भिंत घालून तिच्यापुरती खोली काढतो आहे. चौकट उभी झाली, अलीकडून मी प्लाय ठोकतो आहे, पलीकडून तुमची सून चौकटीच्या पोकळीतून तो रेटून धरते आहे. तुमच्या शेवटच्या वर्षांत मी दुकानात असायचो, तेव्हा तुमच्या फळ्याही तिनेच धरल्या. मी जोरात आहे. फट, फट, फट. पेन्सिलची रेघ जरा सुटली असावी, कारण एका खिळ्याला गन हातात उसळली नाही, नुसती पुढे गेली. आवाज तोच. पण मनगटाला कळलं, मागे चौकट नाही. मागे ती आहे.

"अवं?"

काही नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे तो ऐकू येतो, बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नाही ते ऐकू येतं, पण तिच्या बांगड्या वाजत नाहीत. या हातांनी ती सगळ्या मोहल्ल्याचे ब्लाउज शिवते. दार अजून कापलेलं नाही, पलीकडे जायचं तर अंगणातून वळसा. गन पोटाशी धरून मी कान प्लायला लावतो. "अवं, लागलं का?" काही नाही.

आणि मग, टक.

धावत वळसा घालून गेलो. ती पोळपाट धरून उभी. खिळा प्लायमधून निघून पोळपाटात रुतलेला. हात धड.

"पोळपाट काऊन?"

"मामाजी वाजवत होते, तं हात ठेवत होती मी. तुमी वाजवून नाई राह्यले, मनून पोळपाट लावला. आता काढून द्या, पोळ्या राह्यल्या माह्या."

"अन् बोलली काऊन नाई?"

"घाबराव मनलं थोडं तुमी."

गन मी सोडणार नाही, खोटं कशाला बोलू. हातोड्याने आता खांदा धरतो. पण तेव्हापासून गनच्या बुडाने टकटक करतो, उत्तर आलं की मगच बोट ओढतो, आणि विकतानाही गिऱ्हाइकाला आधी वाजवायला लावतो. हसतात काही. हसू दे.

उद्या दुसऱ्या बाजूचा प्लाय बसवून भिंत बंद करायची आहे. हा कागद त्याआधी चौकटीच्या पोकळीत ठेवून देतो, टपालाचं काम नाही. एवढंच सांगायचं राहिलं. माझा कान तेज म्हणून गावभर मिरवतो ना मी, पण त्या रविवारी पलीकडून टक आली तेव्हा ती बायकोची हे ओळखलं नाही. मला वाटलं, तुम्हीच आहात. आणि मी पोटाशी धरलेली गन चटकन पाठीमागे लपवली.