भागीदार मामांस

वसई,
९ मार्च २००१

ती. स्व. दिवाकरमामांस,

नमस्कार. साष्टांग घालता येत नाही, बरगड्या नको म्हणतात. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घ्या. बाकी हॉस्पिटलात बरं चाललंय. जबड्यात तार बसवली आहे, पेजेवर दिवस काढतोय. डावा डोळा वाचणार नाही असं डॉक्टर काल म्हणाले. आईला अजून सांगितलेलं नाही.

परवा तुम्ही आणलेली शहाळी आमच्या धाकट्या अनुष्काने संपवली. तुम्ही बराच वेळ माझ्या पायांकडे बघत बसलात आणि आई पाणी आणायला गेल्यावर हळूच विचारलंत, "जमावातलं कोन ओळखू आलं काय रे?" तारेमुळे मी गप्प राहिलो असं तुम्हाला वाटलं असेल.

विरारला गाळा घेतला तेव्हा तुमच्या ओटीवर बसून मी सगळं सांगितलं होतं. वाडीतली फुलं, भाजी संगणकावर ऑर्डर घेऊन थेट मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकायची. चाललं तर तुम्ही भागीदार, बुडलं तर पैसे परत मागायचे नाहीत. "घरचं पोर बुडवील काय?" म्हणून तुम्ही हसलात आणि मोगऱ्याच्या वाडीचा तुकडा विकलात. त्या पैशातले निम्मेच माझ्याकडे आले. उरलेले कामणच्या संग्रामकडे गेले हे मला फार उशिरा कळलं. तो वर्षात दामदुप्पट देणार होता. मी बुडण्याचंही बोललो होतो, म्हणून मी तुम्हाला कच्चा वाटलो असेन.

संग्राम पळाला. त्याच्या गोदामात लोकांना रिकामी खोकी सापडली आणि ते चिडून माझ्या गाळ्यावर आले. मीही लोकांचे पैसे घेतले होते, माझ्याकडेही काचेचं दार होतं. दार फुटलं, मी खाली पडलो, लाथा बसल्या. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "थांबा रे, ह्यो संग्रामचा मानूस हाय का नक्की?"

सगळे थांबले, मामा. तोवर माझा एक दातच गेला होता. त्यांनी तुम्हाला विचारलं.

"हाच. दोघं एकच," तुम्ही म्हणालात. शटर ओढायची सळई तुम्हीच उचललीत. पहिला फटका उजव्या हातावर बसला. दुसरा मी चुकवला नाही, मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो.

तुमचा तुकडा गेला याचं मला वाईट वाटतं. पण संताप त्याहून मोठा आहे. झोपेत दात आवळले जातात, तार टोचून जाग येते आणि समोर तुम्हीच दिसता. सळई माझ्या हातात असते.

उद्या पोलीस जबाब घ्यायला येणार आहेत. मी तुमचं नाव सांगणार आहे. आई रडेल, मामी मला शिव्या देईल. पळू नका, चांगला वकील बघा.

कंपनी मी सोडलेली नाही. एक संगणक अजून चालतो. धंदा उभा राहिला तर तुमचा हिस्सा तुरुंगातही पोचता करीन. भागीदाराने मारलं तर भागीदारी मोडते, असं आपलं काही ठरलं नव्हतं.

टाक्यांसाठी माझं डोकं भादरलंय. पहिल्यांदा भादरलं ते तुमच्या मांडीवर. आई सांगते, जावळ काढताना मी जरासुद्धा हललो नव्हतो, कारण मामाने धरलं होतं.

तुमचा भाचा,
विघ्नेश