लाइन गेली तरी आमचे दिवे

सोमवार, ९

आधी आला तो लंबू. खांबावर चढणारा. मागून वीज कंपनीचा साहेब, चष्मा कपाळावर चढवून. आणि त्यांच्या मागे फाटकाला टेकून कोण, तर शेजारीण! तिला कोणी बोलावलं होतं? पण फुकटचा तमाशा सोडेल ती?

आमच्या धुलाईच्या दुकानामागे सूनबाईनं डबा बसवलाय. फ्युएल सेल म्हणतात. कपाटाएवढा. पोटात हायड्रोजन गॅस घेतो, वीज देतो, वर कपडे धुवायला गरम पाणी देतो. धूर नाही, कटकट नाही. आमच्या ह्यांच्यापेक्षा गुणी! उरलेली वीज रस्त्यावरच्या लाइनला द्यायची, तर त्याला साहेबाची मंजुरी लागते. ती मिळाली तर दुकान तरलं, नाहीतर कुलूप, असं सूनबाई म्हणते.

साहेब म्हणाला, "तक्रार आलीय." कोणाची ते सांगेना. मला सांगायला कशाला हवं? टेकली होती की तक्रार फाटकाला!

पाणी विचारलं नाही मी. लंबूनं खुर्ची ओढली, तर तिच्यावर ओले टॉवेल टाकले. मजा आली!

मंगळवार, १०

शेजारणीशी भांडले. "जळतेस का गं आमच्यावर?" तर म्हणते, "आजी, मला त्या डब्यातलं ओ की ठो कळत नाही." कसली साळसूद! तिच्या चादरी धुवायला आल्या तर तशाच परत पाठवीन. गुडघा आज बरा आहे. भांडण मानवतं मला.

गुरुवार, १२

आज परीक्षा होती डब्याची. लंबूनं खांबावर चढून आमची लाइन तोडली. आणि आमच्याकडे? दिवे लख्ख, यंत्रं गरगरतायत! मी टाळ्याच वाजवल्या. "बघा! तुमची गेली, आमची आहे!"

कोणी हसेना.

साहेब म्हणतो, "आजी, लाइन गेली की डब्यानं लगेच लाइनपासून सुटायला हवं. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत शिरते. वर काम करणाऱ्याला वाटतं, तार मेलीय, आणि तो हात लावतो."

म्हटलं, "मग त्याला सांगा, हात खिशात ठेव."

लंबू वरून ऐकत होता.

सुटायचा खटका डब्यात आहेच हो! पण दर वेळी लाइन गेली की त्यानं डबा बंद, आणि ऐन रंगात आलेली माझी मालिकाही बंद. म्हणून डबा बसवणाऱ्या फिटरच्या मी मागे लागले. शेवटी तो म्हणाला, "आजी, तुमच्यापुढे हात टेकले," आणि खटक्याला बगल देऊन वायर फिरवली. सूनबाईनं ती काढली. मी त्याला बोलावून पुन्हा लावून घेतली — तिच्या नाकावर टिच्चून! आज साहेबाला नेमकी तीच सापडली. डब्याला सील ठोकलं.

सूनबाई गप्प. रडणं नाही, भांडणं नाही. मला तिचाच राग आला. तोंडात काय मूग धरलेत?

शुक्रवार, १३

गरम पाणी बंद. डाग निघत नाहीत. सगळ्यांवर ओरडले.

शनिवार, १४

सूनबाईला म्हटलं, "तुझं वाटोळं त्या शेजारणीनं केलं. मी तिला सोडणार नाही!"

तिनं इस्त्री उभी ठेवली. म्हणाली, "तिला सोडा, आई. तक्रार मी केली. गेल्या महिन्यात लाइन गेली तेव्हा तो लंबू वर चढत होता, आणि इकडे तुमची मालिका चालू. मी अनवाणी धावत गेले, हाका मारून त्याला खाली उतरवलं. परत येऊन वायर काढली, ती तुम्ही पुन्हा लावलीत. मग काय करायचं होतं मी?"

परत इस्त्री करायला लागली.

रविवार, १५

सील फोडून फिटरकडून वायर काढून ठेवा, असं साहेब म्हणालाय. बुधवारी परत परीक्षेला येणार आहेत. वर तो लंबूच चढणार.